धूम्रपानमुक्तीसाठी दूरस्थ समुपदेशन (मराठवाडा)

बिडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्याला प्रशिक्षित समुपदेशकाने फोनवरून टप्प्याटप्प्याने केलेली मदत. माणूस दवाखान्यात आलाच तर एखाद्या वेळी येतो. बाकीचे काम तो शेतात किंवा घरी असताना फोनवरच चालते. एकदाच लांबलचक उपदेश करण्यापेक्षा छोटे छोटे अनेक फोन जास्त उपयोगी पडतात, त्यातही समुपदेशकाने आपणहून केलेले.

उपलब्ध सेवा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन (१८००-११-२३५६, मोफत) २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तिचे केंद्र आले. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर पाकिटावर आणि बंडलावर छापणे सक्तीचे आहे. सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर राज्याने २०२० मध्ये बंदी घातली, तरी टपरीवर सुटी बिडी मिळतेच, आणि ती घेणाऱ्याच्या नजरेस हा नंबर पडत नाही. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश येऊ लागतात. वाचनाची सवय नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यांचा फारसा उपयोग नाही. गावच्या उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर डॉक्टरांशी गाठ घालून देऊ शकतात.

पहिला फोन. साधारण १५ ते २० मिनिटांचा. ‘दिवसाला किती ओढता?’ याचे उत्तर बहुधा ‘दोन-चार’ असे येते. ‘मामा, एक बंडल किती दिवस पुरतं?’ असे विचारले की खरा आकडा कळतो. दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा: उठल्यावर पहिली बिडी किती वेळात पेटते? अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असे समजावे. मग सोडण्याची तारीख ठरते, शक्यतो आठ-दहा दिवसांच्या आतली. लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) तोंडावर असताना किंवा घरात लग्न असताना तारीख धरू नये. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते तो आठवडाही टाळलेला बरा. थंडीत एकट्याने दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, झोप मारायला बिडीच हाताशी असते, आणि तिथे उपदेश चालत नाही.

पुढचे फोन. सोडण्याच्या दिवशी, तिसऱ्या व सातव्या दिवशी, नंतर पंधरवड्याने, महिन्याने, तीन आणि सहा महिन्यांनी असे वेळापत्रक सोयीचे पडते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत जड जातो: चिडचिड, झोपमोड, मन न लागणे. हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तलफेची एक लाट मात्र पाचेक मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायला घोट-घोट पाणी, फुटाणे, लवंग, नाहीतर जागा सोडून चार पावले चालणे पुरते. काडेपेटी खिशात ठेवायची नाही. एखादी बिडी ओढली गेली तर ती कुठे, कोणासोबत, कशानंतर ओढली एवढेच विचारावे. ओरडा बसला की पुढचा फोन उचललाच जात नाही.

निकोटिनची गोळी (गम). २ मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. गरोदर बाई किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. वापराची पद्धत फोनवर दोनदा सांगून तिसऱ्यांदा समोरच्याकडून वदवून घ्यावी, कारण चूक इथेच होते. गोळी सावकाश चावायची, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की पुन्हा चावायची. असे अर्धा तास. सुपारीसारखी भराभर चावली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, जळजळ होते. तंबाखू खाणाऱ्याला थुंकायची सवय असते, मग औषधच थुंकले जाते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही. आठ ते बारा आठवड्यांत गोळ्या कमी करत थांबवायच्या.

अडचणी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे ‘बिडी सोडली’ म्हणणारा तळहातावर चुना-तंबाखू मळू लागलेला असू शकतो. ही नुसती अदलाबदल आहे. यशाच्या नोंदीत ती धरू नये. प्रत्येक फोनवर मळणे आणि मिसरी यांचीही चौकशी हवी.

अनोळखी नंबर म्हणजे कर्जवसुली, असा समज असल्याने फोन उचलले जात नाहीत. कोणत्या नंबरावरून फोन येईल हे आशाताईंनी आधी सांगून ठेवले तर फरक पडतो. फोन पारावर स्पीकरवर लावलेला असेल तर माणूस चारचौघांसमोर खरे बोलत नाही. ‘आबा, सवडीनं कधी करू?’ असे विचारून वेळ बदलावी.

बीड जिल्ह्यात आणि आसपास ऊसतोडीमुळे वेगळीच अडचण येते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे राहायच्या खोपीवर (झोपडीवर) चार्जिंगची सोय नसते, रिचार्ज संपले की बाहेरून येणारे फोनही काही दिवसांनी बंद पडतात. म्हणून नोंदणीच्या वेळीच दुसरा नंबर घ्यावा, पण मुकादमाचा नव्हे. ज्याच्याकडून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतली आहे, त्याच्या फोनवर कोणी आपली तलफ सांगत नाही. सोबत जाणाऱ्या बायकोचा किंवा भावाचा नंबर चालतो, आणि फोन उसाची गाडी भरून झाल्यावर करावा.