डांबराची गोळी, बेलुगा आणि आईचं दूध

परवा एका ग्रुपवर व्हिडिओ फिरत होता, की एस्किमो बायका नुसतं मांस आणि चरबी खातात, भाजीपाला नाही, धान्य नाही, तरी त्यांची बाळं धडधाकट, म्हणून आपल्या गरोदर मुलींनीही पोळी-भात सोडून कीटो, म्हणजे जवळजवळ नुसत्या चरबीवरचा आहार, करावं. मला हे वाचून राहवेना, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं पोटुशी बाईला धोक्यात घालणारं आहे. (त्या लोकांना आता इनुइट म्हणतात, एस्किमो हे नाव कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये बऱ्याच जणांना आवडत नाही.)

खरं काय, तर त्यांचं पारंपरिक जेवण खरंच पौष्टिक आहे. सीलच्या मांसात लोह भरपूर आणि तेही शरीर पटकन शोषून घेतं असं, माशांत आणि सागरी प्राण्यांच्या चरबीत ड जीवनसत्त्व, आणि बाळाच्या मेंदूला लागणारं डीएचए नावाचं ओमेगा-३. क जीवनसत्त्वाचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, तर ते बेलुगा व्हेलच्या कच्च्या कातडीत असतं, तिला कॅनडातल्या उत्तर क्विबेकमध्ये मत्ताक म्हणतात, १०० ग्रॅमला साधारण ३६ मिलिग्रॅम. कच्ची खातात म्हणून ते टिकतं, शिजवलं की बरंचसं जातं.

आणि कीटोचं म्हणाल तर बऱ्याच इनुइट लोकांमध्ये सीपीटी१ए या जनुकाचं वेगळं रूप आढळतं, त्यामुळे त्यांच्या शरीरात कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं इंधन, उलट कमी बनतात. म्हणजे ज्यांचा दाखला देऊन कीटो विकतात त्यांच्याच शरीराची घडण वेगळी आहे. केशराचं दूध प्यायल्याने बाळ गोरं होतं, ग्रहणात भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो, या समजुती आणि हा व्हिडिओ मला एकाच माळेतले मणी वाटतात. सगळ्यांचा भार शेवटी बाळंतिणीच्या डोक्यावर.

आता मला खरं जे सांगायचंय ते. १९८० च्या दशकाच्या शेवटी एरिक देवाई हे डॉक्टर-संशोधक क्विबेकमध्ये आईच्या दुधातली प्रदूषकं तपासत होते. तुलनेला स्वच्छ नमुने हवेत म्हणून त्यांनी नुनाविकचं दूध घेतलं. नुनाविक म्हणजे क्विबेकचं उत्तर टोक, १४ गावं, दक्षिणेशी जोडणारा एकही रस्ता नाही, कारखाने नाहीत. आणि तिथल्या आयांच्या दुधात पीसीबी दक्षिणेच्या शहरी बायकांपेक्षा सुमारे पाचपट निघाले! पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलातली रसायनं.

तिथे ते पोचलं कसं? कपाटातली डांबराची गोळी आठवा, न वितळता हळूहळू लहान होत जाते, तिची सरळ वाफ होते. पीसीबी, डीडीटी, आणि आपल्याकडे ज्याला सगळे गॅमॅक्झिन म्हणायचे ती बीएचसी कीटकनाशक पावडर, यांचंही साधारण तसंच, फक्त फार सावकाश. उन्हात तापलेल्या जमिनीवरून त्यांचे रेणू हवेत जातात, वारा नेतो, थंडी लागली की मातीवर, पाण्यावर, बर्फावर बसतात, पुन्हा ऊन आलं की पुन्हा उडतात, नाकतोड्यासारखे. तापमान ३० अंशांवरून शून्यावर आलं की यांची वाफ होण्याची ओढ दहापटींहूनही जास्त घटते. म्हणून प्रत्येक उडीत उत्तरेकडे गेलेला रेणू मागे फिरण्यापेक्षा तिथेच अडकण्याची शक्यता वाढत जाते. भाताच्या पातेल्यावर थंड झाकण ठेवलं की वाफ झाकणालाच चिकटते ना, पृथ्वीचं झाकण म्हणजे आर्क्टिक. वानिया आणि मॅके या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं. वर तिथे ऊन कमी, जिवाणू मंद, म्हणजे मोडतोडही सावकाश.

मग दुसरा टप्पा. हे रेणू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, तेलात विरघळतात. ऑक्टेनॉल नावाच्या तेलकट द्रवात आणि पाण्यात एखादा पदार्थ कसा वाटला जातो ते रसायनशास्त्रात मोजतात, आणि पीसीबीच्या बऱ्याच प्रकारांसाठी तेलाची बाजू पाण्यापेक्षा लाखो पटींनी जड निघते. मग शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जीव, त्यांना खाणारा मासा, त्याला खाणारा सील किंवा बेलुगा, प्रत्येक जण खालच्याची चरबी साठवतो आणि विष बाहेर टाकू शकत नाही, त्यामुळे दर पायरीला साठा घट्ट होत जातो. सगळ्यात वरच्या पायरीवर माणूस. आणि माणसाच्या शरीरातून चरबी मोठ्या प्रमाणात बाहेर पडण्याचा एक हक्काचा मार्ग म्हणजे आईचं दूध, त्यात साधारण ४ टक्के चरबी. म्हणून पहिलटकरणीच्या दुधात पीसीबी जास्त, पुढच्या बाळंतपणांत कमी, कारण पहिल्या बाळाने तो साठा उचललेला असतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात तुटलं.

आपला संबंध आहे का? बीएचसी सगळ्यात जास्त वापरणाऱ्या देशांत भारत होता, १९९७ पर्यंत बंदी नव्हती. डीडीटी तर रायगडात रसायनीला सरकारी कारखान्यात बनायचं. कुठला रेणू कुणाच्या शेतातून गेला हे सांगता येत नाही, पण आर्क्टिकच्या हवेत-पाण्यात बीएचसीचे घटक सापडले, आणि त्यात आशियातल्या वापराचा मोठा वाटा होता.

पाऱ्याचं गणित जरा वेगळं. कोळसा जाळला की पाऱ्याची वाफ हवेत महिनोन् महिने फिरते, पाण्यात जिवाणू तिचा मिथाइल-पारा करतात आणि तो चरबीत नाही तर प्रथिनांत, म्हणजे मांसात बसतो. शरीरात तो सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, त्यामुळे वार (प्लासेंटा) तिला खाद्य समजून आत घेते. नाळेच्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा साधारण १.७ पट भरतो. पण तो शरीरातून दीड-दोन महिन्यांत निम्मा होतो, पीसीबीला वर्षं लागतात. म्हणून गरोदरपणाच्या आधी काही महिने जेवण बदललं तर पाऱ्यावर उपाय होतो, पीसीबीवर होत नाही, त्यात बाईचं अख्खं बालपण साठलेलं असतं.

तरीही स्तनपान थांबवा असं तिथल्या आरोग्य खात्याने सांगितलं नाही, दुधाचा फायदा मोठाच ठरला. शिकारीचं जेवण सोडा असंही नाही, कारण त्याच्या जागी येतात दुकानातले चिप्स आणि कोल्ड्रिंक, महागड्या विमानभाड्याने आणलेले, आणि गरोदर बायकांमध्ये रक्त कमी. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी १९९९ मध्ये अशा रसायनांना आवर घालणाऱ्या जागतिक कराराच्या नैरोबीतल्या वाटाघाटींत आई-बाळाचं एक छोटं शिल्प भेट दिलं, म्हणजे करार कुणासाठी चाललाय ते समोर दिसावं. २००१ मध्ये तो करार, स्टॉकहोम करार, झाला, आणि नुनाविकच्या गरोदर बायकांच्या रक्तातले जुने पीसीबी तेव्हापासून बरेच उतरलेत, पण पीएफएएस या नव्या, नॉनस्टिक भांड्यांसारख्या वस्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या आणि सहजी न मोडणाऱ्या रसायनांची कटकट सुरूच आहे.

२०११ मध्ये नुनाविकच्या आरोग्य मंडळाने मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या बायकांना सांगितलं, बेलुगाचं मांस कमी खा, बाकी शिकार खात राहा. आणि हडसन बेच्या काठच्या गावांत गरोदर बायकांना ‘आर्क्टिक चार’ (char) नावाचा मासा फुकट वाटायला सुरुवात झाली, ज्यात ओमेगा-३ भरपूर आणि पारा कमी.