युद्धकाळातली रेडिओची संध्याकाळ : मुंबई, 1939 ते 1945

सरकारला लोकांनी बातम्या ऐकायला हव्या होत्या आणि लोक सेटसमोर बसत ते गाण्यासाठी. युद्धकाळातल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांची सगळी मांडणी या ओढाताणीतून झाली. बातम्या मधोमध, त्यांच्या अलीकडे-पलीकडे गाणं, श्रुतिका (रेडिओवरचं नाटुकलं), भाषण.

मुंबईचं रेडिओ केंद्र जुनंच होतं. 23 जुलै 1927 ला खासगी कंपनीने 1.5 किलोवॅटच्या प्रक्षेपकावर ते सुरू केलं, 1930 साली कंपनी बुडाली, सरकारने ते चालवायला घेतलं आणि 8 जून 1936 पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव लागलं. 1938 मध्ये 10 किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक आला, म्हणून मुंबईचं गाणं घाटापलीकडेही पोचू लागलं.

टेप नव्हतीच. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून मोठी गाणी आणि श्रुतिका थेटच होत. त्यात 1 मार्च 1940 पासून रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी आली. कारण असं दिलं गेलं की पेटीचे सूर ठरलेले, तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत. कारण खोटं नव्हतं, पण पायपेटीवर पोसलेल्या मराठी नाट्यगीताला हा फटका फार लागला. साथ सारंगीकडे गेली. सारंगीला आतड्याच्या तीन मुख्य तारा आणि खाली पस्तीसच्या आसपास तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. एक गायक काळी एकच्या पट्टीत, पुढचा पांढरी चारच्या पट्टीत गाणार असेल तर पेटीवाला नुसता हात सरकवतो. सारंगियाला सगळं वाद्य पुन्हा लावावं लागतं. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, आतडं ओलावा धरतं, आणि लावलेला सूर दहा मिनिटांत उतरतो. दोन गायनांच्या मध्ये भाषण घालण्याचा एक उपयोग इथे दिसतो: तेवढ्यात वाद्य लागे. ही बंदी युद्ध संपल्यावरही उठली नाही; ती सैल व्हायला 1971 उजाडलं.

ऐकणाऱ्याकडे परवाना लागे, वर्षाला दहा रुपये. सेट बहुधा पाच व्हॉल्व्हचा (व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि परदेशी बनावटीचा. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट, मग आवाज. चाळीत एरियल गच्चीवर ताणायचं: चाळीस ते साठ फूट तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर, तार शक्यतो ट्रामच्या रस्त्याला काटकोनात, नाहीतर ट्रामच्या ठिणग्यांची खरखर गाण्यात उतरे. समुद्राच्या हवेत नुसता पीळ दिलेला जोड हिरवा पडून आवाज तुटू लागे. जोडाला कथलाचा डाग देणं भाग होतं. कागदी कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) दमटपणाने वीज गळू देऊ लागला की शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, धन विद्युतदाब चढे, आवाज फाटे आणि तो व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तापे. तेव्हा आधी कंडेन्सर बदलायचा, मग व्हॉल्व्ह. उलट केलं की नवा व्हॉल्व्हही जाई, आणि युद्धात आयात आटल्यामुळे तो दुसऱ्यांदा मिळणं कठीण.

वेळेचाही घोळ होता. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. 1 सप्टेंबर 1942 ला प्रमाणवेळ एक तास पुढे ढकलली गेली. ज्याचं घड्याळ जुन्या मुंबई वेळेवरच राहिलं, त्याला कार्यक्रमपत्रिका वाचताना 1 तास 39 मिनिटं वजा करावी लागत.

गाणं संपलं की हात सेटच्या डायलवरच्या काट्याकडे, दुसरं केंद्र लावायला जाई. 1942 पासून लंडनहून बीबीसीचं मराठी प्रसारण येत होतं. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ. शत्रूच्या बातम्या पसरवणं भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा होता, म्हणून आवाज बारीक आणि कान सेटला लावलेला. अंधार पडला की शॉर्टवेव्हचा 19 मीटर लहरींचा पट्टा मावळे आणि 31, 41, 49 मीटरचे पट्टे उघडत. 27 ऑगस्ट 1942 पासून याच भागात, 42.34 मीटरवर, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘छोडो भारत’ चळवळीतला गुप्त काँग्रेस रेडिओ मुंबईतूनच बोलू लागला. डायलवर 41 च्या खुणेपासून हे ठिकाण केसभर पुढे. काटा जरा जोरात फिरवला की निसटायचं. पकडले जाऊ नये म्हणून प्रक्षेपक घराघरांतून हलवला जाई. 12 नोव्हेंबरला गिरगावातल्या पारेखवाडीत पोलीस शिरले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती.

14 एप्रिल 1944 ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे स्फोटकांनी भरलेलं जहाज फुटलं. हादरे साऱ्या शहराने अनुभवले, आकाश धुराने भरलं. सविस्तर हकिगत दुसऱ्या दिवशी रेडिओवर आली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव केंद्रावरून. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर धाडायची परवानगी मिळाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात.