बाप्तिस्म्यांचा रकाना

ख्रिस्ती पाळकांची परिषद असो की मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वर्धापनदिन, नमस्कार-चमत्कारानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडे संख्या किती?" कुटुंबे किती, गेल्या वर्षी बाप्तिस्मे किती, रविवारी उपासनेला माणसे किती. आकडा मोठा असला की सांगणाऱ्याचा आवाज चढतो. लहान असला की तो "प्रभूची कृपा आहे" म्हणून विषय बदलतो. एका खेड्यातल्या वयस्क पाळकांना मी असा विषय बदलताना पाहिले आहे. त्यांची मंडळी बावीस घरांची. त्या बावीस घरांतल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी ते बसलेले होते, तरी आकडा सांगताना त्यांची मान खाली गेली. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही.

सेवेचे यश मोजायची ही रीत आपल्याकडे कशी रुजली, हे समजून घ्यायचे तर अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात डोकवावे लागते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड, म्हणजे मिशनरी पाठवणारी संस्था, बोस्टनचे, आणि त्याचा खर्च चाले तो तिकडच्या लहानमोठ्या मंडळ्यांच्या वर्गणीवर. वर्गणी देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले ते कळले पाहिजे. म्हणून मिशनऱ्यांची पत्रे छापली जात आणि वार्षिक अहवालात तक्ते येत : ठाणी किती, शाळा किती, विद्यार्थी किती, मंडळीचे सभासद किती. यात खोटेपणा नव्हता, लोकांच्या पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. पण रकान्यात जे मावत नाही ते हिशेबात येत नाही, आणि हळूहळू डोळ्यांनाही दिसेनासे होते. बायबलातल्या दावीद राजाने शिरगणती केली तेव्हा त्याचा सेनापती यवाब याच्यासारखा शिपाईगडीसुद्धा "हे कशाला?" असे विचारून गेला होता. शास्त्रातला तो प्रसंग आपण वाचतो आणि पुढे जातो.

हॉलचेच पाहा. त्याच्या तेरा वर्षांच्या सेवेत ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य. १८२६ साली तो नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला गेला, तेव्हा तिकडे पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती. जवळची औषधे त्याने आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठले, तेव्हा स्वतःसाठी औषध जवळपास उरलेच नव्हते. मार्चच्या २० तारखेला, वाटेतल्या एका देवळाच्या ओसरीवर, काही तासांत तो गेला. वय ४१. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरात त्याने वर्षे घातली, तो त्याच साली मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. वाटलेल्या औषधाच्या पुड्यांना कुठल्याच तक्त्यात जागा नव्हती.

माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके नाव मात्र सिंथिया फॅरार यांचे. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. एकट्या, अविवाहित, मुलींना शिकवण्यासाठी. त्या काळी बोर्ड अविवाहित बाईला परदेशी पाठवायला सहसा तयार नसे. आधी मुंबईत आणि मग नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मुलींना शाळेत पाठवायला घरे राजी नसत, आलेल्या मुली लग्न झाले की जात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मधल्या काळात प्रकृतीमुळे त्या मायदेशी गेल्या, बऱ्या झाल्या आणि परत आल्या. १८६२ साली नगरलाच त्यांचा अंत झाला. व्याख्याने नाहीत, मोठ्या सभा नाहीत, नावावर मंडळी नाही.

पण पुण्याहून एक तरुण त्यांची शाळा बघून गेला होता. १८४८ मध्ये त्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे ज्योतिराव फुल्यांनी आपल्या प्रेरणेचे मूळ सांगताना नगरच्या फॅरारबाईंच्या शाळेचे नाव घेतले. ज्योतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणजे बाप्तिस्म्यांच्या रकान्यात फॅरारबाईंच्या नावापुढे या भेटीचे शून्यच पडते. ज्या भेटीतून महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाला एवढा रेटा मिळाला, ती बोस्टनच्या अहवालाच्या भाषेत घडलीच नाही. बाईंना स्वतःला तरी त्या पाहुण्याचे पुढे काय होणार याची कल्पना कुठून असणार? त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेल्या असतील, एवढेच.

बोर्डातही आकड्यांपलीकडे पाहणारा माणूस होता. रूफस अँडरसन हे अनेक वर्षे त्याचे सचिव. त्यांचे म्हणणे असे, की मिशनऱ्याने मंडळी लावावी, ती तिथल्या पाळकाच्या हाती सोपवावी आणि पुढच्या गावाला जावे. म्हणजे आपली गरज उरू नये यासाठीच त्याने राबायचे. १८५४-५५ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन गेले, आणि त्याच सुमारास नगरच्या मंडळ्यांवर मराठी पाळक नेमले गेले. त्याच दौऱ्यानंतर बोर्डाच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली, ते मला आजही खटकते. पण यशाची त्यांची व्याख्या वेगळी होती, आणि ती पचायला फार जड आहे. आपण उभी केलेली मंडळी आपल्यावाचून चालते याचा आनंद किती पाळकांना होतो?

पुढे दुष्काळांनी आकडे झपाट्याने वाढवले. १८७६-७७ आणि मग छप्पनचा (१८९९-१९००) दुष्काळ. नगर जिल्ह्यात महार-मांग वस्त्यांतून गावेच्या गावे मंडळीत आली. "भाकरीसाठी बाटले" हा टोमणा तेव्हापासूनचा. तो मारणाऱ्यांनी त्या भुकेल्यांना आधी आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले होते का, हेही विचारायला हवे. दोष आलेल्यांचा नव्हता. वाढलेल्या आकड्यातच ज्यांना कृतार्थ वाटले, त्यांनी मात्र स्वतःला तपासायला हवे होते.

या पार्श्वभूमीवर १९१७ साली नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे बावीस वर्षे झालेली. नाव झालेले, कविता घरोघर गेलेल्या, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन हाताशी. पगार ठरलेला होता, तोच त्यांनी सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रीती असली की पुरे. तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकानाच त्यांनी पुसून टाकला. मिशनऱ्यांपैकी काहींना ते झेपले नसेल, तर नवल नाही.

रूढ मापाने दरबार फसला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले आणि त्यांच्यामागे तो फार दिवस टिकला नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्यही अर्धवटच राहिले, जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून झालेले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ज्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या, आणि ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर त्याच्याचकडून झाली, त्यांनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. ग्रंथ छापून आला तेव्हा त्याही हयात नव्हत्या. नगरच्या ख्रिस्ती देवळांत आज रविवारी टिळकांची गीते गातात, तेव्हा पेटीवर सूर धरणाऱ्या मुलाला बहुधा दरबाराचे नावही ठाऊक नसते.