पार्श्वभूमी: फ्रान्सचे राजे पॅरिसबाहेर का राहिले?

पॅरिसला जाणारी आपली माणसं एक दिवस व्हर्सायसाठी हमखास राखून ठेवतात. सवड असेल तर फाँतेनब्लो, व्हँसेन आणि राजांच्या कबरी असलेलं सँ-दनीचं चर्चही होतं. पण राजधानीत लुव्रसारखा प्रचंड राजवाडा असताना राजांनी शहराबाहेर एवढे वाडे का बांधले?

एक कारण शिकार. फाँतेनब्लो, सँ-जेर्मँ, व्हर्साय या सगळ्या ठिकाणी जंगल होतं. फ्रान्स्वा पहिला याने १५२८ पासून फाँतेनब्लोची जुनी गढी नव्याने बांधायला घेतली आणि सजावटीसाठी थेट इटलीहून रॉसो आणि प्रिमातिच्चो या चित्रकारांना बोलावलं. व्हर्सायची सुरुवातही १६२३ मध्ये लुई तेराव्याच्या शिकारीच्या छोट्या घरापासून झाली.

दुसरं कारण भीती, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. १३५८ मध्ये पॅरिसच्या व्यापाऱ्यांचा पुढारी एत्येन मार्सेल जमाव घेऊन राजवाड्यात घुसला आणि युवराज शार्लच्या डोळ्यांदेखत त्याच्या दोन सरदारांना ठार मारलं. हाच शार्ल गादीवर आल्यावर त्याने व्हँसेनचा सुमारे ५० मीटर उंच बुरूज पुरा केला. पुढे जानेवारी १६४९ मध्ये, बंडाळीच्या दिवसांत, दहा वर्षांच्या लुई चौदाव्याला रातोरात पॅरिसमधून सँ-जेर्मँला हलवावं लागलं. ऐन थंडीत रिकाम्या वाड्यात दरबारी मंडळी गवतावर झोपली. हा मुलगा मोठेपणी पॅरिसला फारसा जवळ करता झाला नाही, यात नवल नाही.

व्हर्सायचा नमुना त्याला व्हो-ल-व्हिकाँत या वाड्यात दिसला. वाड्याचा मालक, त्याचा अर्थमंत्री निकोला फुके याने तिथे १७ ऑगस्ट १६६१ रोजी राजाला दिपवून टाकणारी मेजवानी दिली. तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत पडला आणि पुढे कित्येक वर्षांनी तुरुंगातच मेला. त्याचा वास्तुविशारद ल व्हो, चित्रकार ल ब्रँ आणि बागा आखणारा ल नोत्र हे तिघेही राजाच्या कामाला लागले. म्हणून शक्य असेल तर व्हो आधी पाहावं, व्हर्साय नंतर.

६ मे १६८२ रोजी दरबार कायमचा व्हर्सायला आला. तिथे पाण्याची मात्र कायम टंचाई. सीन नदीचं पाणी वर चढवायला १४ चाकांचं अजस्र यंत्र बसवलं, तरी सगळी कारंजी एकदम चालत नसत. राजा बागेत फिरायला निघाला की सेवक शिट्ट्या मारून पुढच्यांना इशारा देत. राजा जवळ आला की कारंजं सुरू, पुढे गेला की बंद. याच राजवाड्यात १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे वकील सोळाव्या लुईच्या भेटीला आले होते.

पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबरला, पॅरिसच्या बाजारातल्या बायकांचा मोर्चा पाव मागत व्हर्सायवर धडकला आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला शहरात घेऊन गेला. ज्या शहराला टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याने राजाला अखेर गाठलंच. क्रांतीत व्हर्सायचं सामान लिलावात गेलं. सँ-दनीला १७९३ मध्ये राजांच्या कबरी उकरून अस्थी खड्ड्यांत टाकल्या. तिथली शिल्पं मात्र जुन्या कलावस्तू जपणाऱ्या अलेक्सांद्र लनुआर याच्या धडपडीमुळे बरीचशी वाचली. त्यातलं बारावा लुई आणि राणी आन यांचं स्मारक जरूर निरखून पाहावं. वरच्या बाजूला दोघं गुडघे टेकून प्रार्थना करताहेत आणि खाली त्यांचीच उघडी प्रेतं, पोटावरच्या टाक्यांसकट. सँ-दनीकडे पर्यटक कमी वळतात, याची मला खंत वाटते. मठाधिपती स्युजेरने बांधलेल्या आणि ११४४ मध्ये अर्पण झालेल्या इथल्या गाभाऱ्यापासून टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीची सुरुवात मानतात.

लोकांनी हे वाडे पाहायला जायची रीत पडली ती १८३७ च्या सुमारास. त्या वर्षी तेव्हाचा राजा लुई-फिलिप याने व्हर्सायचं संग्रहालय केलं आणि पॅरिसहून सँ-जेर्मँच्या दिशेने प्रवाशांची रेल्वे सुरू झाली. लवकरच व्हर्सायलाही दोन मार्ग गेले. ८ मे १८४२ रोजी कारंजी पाहून परतणाऱ्या गाडीला म्युदाँजवळ अपघात होऊन आग लागली. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं दगावली.

सगळंच टिकलं नाही. मार्लीचा वाडा क्रांतीनंतर पाडला गेला, सँ-क्लूचा १८७० च्या युद्धात जळाला, तर पॅरिसमधला तुइलरी पुढच्याच वर्षी. तिथे आता बागा आहेत, वाडे नाहीत. उरलेलं जपायचं काम सरकारने १८३० मध्ये स्मारक निरीक्षक नेमून हाती घेतलं होतं. ते अजून चालूच आहे. नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आणि सँ-दनीचा १८४६-४७ मध्ये उतरवलेला उत्तरेकडचा मनोरा आता नव्याने उभा राहतो आहे.