रक्त द्यायला येण्याआधी हे वाचा : बी-१२ आणि डी जीवनसत्त्वाची तपासणी

आमच्या लॅबमध्ये रक्त घेण्याआधी चार प्रश्न विचारतात, आणि कधीकधी रक्त न घेताच परत पाठवतात, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार खरी आहे. त्यामागचं कारण एकदा नीट सांगतो.

पायाला मुंग्या येतात, तळवे जळजळतात, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी वाटते, दम लागतो, विसरायला होतं. ही बी-१२ कमी असल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी बहुतेक जण आधी मेडिकलमधून गोळ्या आणतात किंवा ओळखीच्या ठिकाणी ‘ताकदीचं’ लाल इंजेक्शन घेतात. चार दिवसांनी फरक पडला नाही की मग तपासणीला येतात. इथंच सगळं बिघडतं. इंजेक्शननंतर रक्तातलं बी-१२ एकदम वर जातं आणि बरेच दिवस वरच राहतं. रिपोर्टमध्ये आकडा भरपूर दिसतो, रुग्ण म्हणतो ‘बी-१२ तर छान आहे’, आणि मुंग्यांचं कारण शोधणं लांबत जातं. पैसे जातात, वेळही जातो. म्हणून आधी रक्त द्या, मग इंजेक्शन घ्या. घेऊन झालंच असेल तर तारीख सांगा, आम्ही ती रिपोर्टवर लिहितो. म्हणजे डॉक्टरांना अर्थ लावता येतो. पण डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नका. चालताना तोल जात असेल तर आमच्याकडे यायच्याही आधी डॉक्टरांकडे जा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आवर्जून सांगावं. मोठ्या डोसचं बायोटिन काही मशिनवरच्या तपासण्यांत अडथळा आणतं; थायरॉईड, बी-१२, डी, सगळ्यांचे आकडे चुकू शकतात. थायरॉईड नसताना आहे असं दिसू शकतं. साधारण दोन-तीन दिवस आधी गोळी थांबवावी लागते, डोस मोठा असेल तर जास्त. यासाठी कुणाला परत पाठवलं तर राग मानू नका.

दुसरा नेहमीचा प्रश्न : ‘सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) नॉर्मल आलंय, मग बी-१२ कशाला?’ बी-१२ कमी झालं की लाल पेशी आकारानं मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असेल तर पेशींच्या आकाराची सरासरी नॉर्मल दिसते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे बऱ्याचदा आढळतं. म्हणून आम्ही मशिनच्या आकड्यावर न थांबता काचपट्टीवर रक्ताचा थर पसरवून मायक्रोस्कोपखाली बघतो. बी-१२ कमी असलेल्या रक्तात काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे दिसतात. एरवी ते तीन-चार असतात. याला वेळ लागतो, म्हणून आमचा रिपोर्ट कधी थोडा उशिरा मिळतो.

कडक भाकरी, शेंगा चटणी, पालेभाजी हे उत्तम जेवण आहे, पण त्यात बी-१२ नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. शुद्ध शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेले, यांनी लक्षणं नसली तरी डॉक्टरांना विचारून एकदा तपासून घ्यावं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते.

‘सोलापुरात एवढं ऊन, मग डी कसं कमी?’ कारण ऊन अंगावर पडत नाही. यंत्रमागावर दिवसभर छताखाली, घरात बसून विड्या वळताना, गाडीवर सनकोट आणि स्कार्फ घालून. मग डी बनणार कुठून? काचेआडचं ऊन चालत नाही, पहाटेच्या कोवळ्या उन्हाचाही फारसा उपयोग नाही. दहा-अकराच्या सुमाराला हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलं तर चालतं. एप्रिल-मेमध्ये मात्र जपून. कंबर, मांड्या दुखणं, खाली बसल्यावर उठताना हाताचा आधार लागणं, जिना जड जाणं, ही डी कमी असल्याची लक्षणं. ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदाची असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडालाही त्रास होतो. कोर्स झाल्यावर लगेच तपासू नका, साधारण तीन महिन्यांनी या.

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता नव्हे. बहुधा नखाला लागलेला मार असतो. ओठांचे कोपरे चिरत असतील तर बी-२ किंवा लोह बघावं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दातांचे डॉक्टर. संध्याकाळनंतर दिसेनासं होत असेल तर थेट डोळ्यांचे डॉक्टर. मल्टिव्हिटॅमिननंतर लघवी गर्द पिवळी झाली तर घाबरू नका, तो बी-२ चा रंग आहे.

‘फुल बॉडी’ पॅकेज आम्ही कुणाच्या गळ्यात मारत नाही. लक्षणं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बघून लागेल तेवढंच करतो. वयस्कर मंडळींसाठी शहरात घरी येऊन रक्त नेण्याची सोय आहे, आदल्या दिवशी कळवा. येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, केसांच्या आणि ताकदीच्यासुद्धा.