फडकं उचलून बघू नका

ऊस तोडताना कोयता पोटरीत बसला किंवा कडबाकुट्टीत हात गेला, की घरातलं कुणीतरी आधी हळदीच्या डब्याकडे धावतं. खरचटल्यावर हळद ठीक. उसळणाऱ्या रक्तात ती वाहून जाते आणि जखमेत नुसता चिखल उरतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो आणि मांडीची मोठी धमनी तुटली तर त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने जखम दाबावी. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाका आणि दाबत राहा.

दाबायचं कसं, याचा हिशेब आहे. धमनीतला 120 मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 160 ग्रॅम. 5 बाय 5 सेंटिमीटर जागेवर तो अडवायला 4 किलो भार पुरतो. जाड टॉवेल टाकून दोन्ही पंजे पसरलेत, तर जागा होते 300 चौरस सेंटिमीटर आणि भार लागतो 48 किलो! धमनी खोल असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून स्वच्छ सुती फडक्याची लहान, घट्ट घडी करा, रक्त जिथून येतंय तिथेच ठेवा आणि कोपर ताठ ठेवून तळव्याने अंगाचा भार द्या. जखमी माणूस जमिनीवर हवा. गादी खाली दबते आणि जोर वाया जातो.

आता घड्याळ लावून 10 मिनिटं. या वेळात रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) तुटलेल्या जागी चिकटतात आणि त्यांच्यावर फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं, जाळं विणलं जातं. ‘थांबलं का’ म्हणून फडकं उचललंत की ते ओलं जाळं फडक्याबरोबर निघून येतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फडकं भिजलं तर वर दुसरं ठेवून जोर वाढवा. तेही भिजलं, तर दाब चुकीच्या जागी पडतोय. तेव्हा मात्र दोन्ही काढून नेमकी जागा शोधा.

जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर फडक्याची पट्टी बोटाने तळापर्यंत ठासून भरा, मग वरून दाबा. छातीत-पोटात असं काही कोंबू नका. रुतलेली सळई उपसू नका; तीच भोक बुजवून बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबेना, तरच आवळपट्टी (टूर्निके), म्हणजे रक्त अडवायला घट्ट आवळून बांधायची पट्टी. ओढणीची 4-5 सेंटिमीटर रुंद घडी जखमेच्या 5-7 सेंटिमीटर वर बांधा, गुडघ्या-कोपरावर नको. गाठीत लाटणं अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि लाटणं बांधून टाका. खूप दुखेल, तरी अर्धवट सोडू नका: वरवरच्या शिरा बंद होतात, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. सुतळी किंवा तार वापरलीत तर मज्जातंतू चिरडतात. बांधल्याची वेळ पेनने कपाळावर लिहा. दोन तासांच्या आत दवाखाना गाठायचा असतो. मधे सैल करायचं नाही.

अंगावर घोंगडी टाका, उन्हाळ्यातसुद्धा. अंग गार पडलं की रक्त गोठणं मंदावतं. तहान लागेल, तरी पाणी-चहा देऊ नका, कारण पुढे भूल द्यावी लागू शकते.