वर्णनात्मक संवेदी परीक्षण

निवडलेल्या आणि सराव दिलेल्या माणसांकडून अन्नाचे रंगरूप, वास, चव, पोत आणि गिळल्यावर तोंडात रेंगाळणारी चव यांचे शब्दांत व आकड्यांत वर्णन करून घेण्याची पद्धत. मंडळात साधारणपणे ८ ते १२ परीक्षक असतात. पदार्थ आवडला का, हे त्यांना विचारत नाहीत. त्यात काय आहे आणि किती आहे, एवढेच विचारतात. अमेरिकेत आर्थर डी. लिटल या संस्थेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीला पहिला आकार आला. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६२७३ हे मानक एकूणच अन्नाच्या संवेदी परीक्षणावर आहे.

निवडीसाठी उमेदवाराला तीन कप देतात. दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून ही कसोटी पुन्हा पुन्हा घेतात. साखर, मीठ आणि सायट्रिक आम्ल यांची अगदी पातळ द्रावणेही चाखवतात.

खरे कष्ट शब्द ठरवण्यात आहेत. कोकणात चवीचे शब्द मुबलक, पण एकेका शब्दाचे अर्थ अनेक. गोडं वरण, गोडं पाणी, गोडं तेल यांपैकी कशातही साखर नसते. ‘आंबट’ म्हटले की एकाच्या डोळ्यांपुढे कैरी येते, दुसऱ्याच्या आमसूल, तिसऱ्याच्या चिंच. म्हणून मंडळ प्रत्येक शब्दाला चाखता येईल असा नमुना जोडते. तुरटपणासाठी तुरटीचे पातळ द्रावण जगभर वापरतात. मराठीत ते नावातच आहे. आयुर्वेदाच्या षड्रसांत तुरट आणि तिखट हे रस असले, तरी संवेदीशास्त्र त्यांना चव मानत नाही. टॅनिने ही तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडे ओढल्यासारखे वाटते, तो तुरटपणा. मिरचीचा जाळ वेदनेच्या चेतांवाटे कळतो. बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळाने जिभेला येणाऱ्या मुंग्याही स्पर्शाच्याच जातीच्या. तिरफळाचा नमुना सगळ्यांत शेवटी द्यावा, कारण त्यानंतर काही वेळ जीभ भरवशाची राहत नाही.

हापूसच्या बाबतीत नाकाचा वाटा मोठा. नाक चिमटीत धरून फोड खाल्ली तर गोड-आंबट गर तेवढा कळतो, हापूस कळत नाही. त्याचा सुगंध घशामागून नाकात चढतो. आंबा कोयीकडून सालीकडे पिकत जातो, म्हणून सर्व परीक्षकांना फळाच्या एकाच भागाच्या फोडी देणे आवश्यक असते. साका हा गरातला दोष बाहेरून दिसत नाही; फळ कापल्यावरच कळतो. साक्याचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट असतो. त्या फळाची फोड चुकून नमुन्यात आली तर त्या फेरीचे आकडे बाद करावेत.

सुक्या मासळीत या पद्धतीचा उपयोग सर्वांत थेट आहे, आणि तिकडेच तिची सर्वाधिक गरज आहे. बाजारात ‘वास येतो’ एवढ्या दोन शब्दांत माल नाकारला जातो. मंडळ त्या वासाचे तुकडे करते. वशट वास ट्रायमिथिलअमाइनचा; मासळी वाळण्याआधी तिच्यात जिवाणू वाढल्याची ती खूण. खवट वास हवेशी संयोग झालेल्या तेलाचा. बांगडा तेलकट असल्याने त्यात तो लवकर येतो. कुबट वास ओलाव्याचा आणि बुरशीचा, पावसाळ्यात साठवणीत शिरणारा. तीन वासांचे उपाय तीन वेगळे आहेत: मासळी ताजी असतानाच मीठ लावणे, हवाबंद पिशव्या, कोरडी कोठी. ‘वास’ या एकाच शब्दावर थांबले तर सुकवणाऱ्या बाईला यांतले काय करायचे हे कळत नाही.

नमुन्यांना तीन आकडी यादृच्छिक क्रमांक देतात आणि दोन नमुन्यांमध्ये पाण्याने चूळ भरायला लावतात. कोकम सरबताचा गडद रंग पाहून ते अधिक आंबट वाटू नये यासाठी लाल दिव्याखाली चाखवतात. प्रत्येक गुणाची तीव्रता बहुधा १५ सेंटिमीटरच्या रेषेवर खूण करून नोंदवतात. तोच नमुना दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमांकाने पुन्हा देतात. खुणा फार लांब पडल्या तर त्या परीक्षकाचा सराव पुन्हा सुरू होतो.

आवड मोजण्यासाठी नऊ बिंदूंची वेगळी श्रेणी आहे आणि ती सामान्य खाणाऱ्यांसाठी आहे. सराव दिलेल्या दहाजणांनाच ‘किती आवडले’ विचारून सरासरी काढण्याची चाल मात्र रूढ आहे. ती चुकीची आहे: तुरटपणा शोधायला शिकलेली जीभ सोलकढी पाहुण्यासारखी पीत नाही.